शिरोभिघातानंतर वाढलेली नाडी : आधी मोजणी, मग शोध, नंतर औषध

मस्तकाला मार लागलेला रुग्ण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा वैद्याकडे येतो, तेव्हा त्याची मुख्य तक्रार पुष्कळदा मस्तकाची नसतेच. दुचाकीवरून पडल्याची जखम भरून आलेली असते. सी.टी. स्कॅन निर्दोष असतो. रुग्णालयाने 'काळजीचे कारण नाही' असे सांगून घरी पाठविलेले असते. तरीही स्वस्थ पडून असताना छातीत धडधडते, अंथरुणातून उठून उभे राहिले की नाडी पळू लागते, थोडे चालले की डोके जड होते. पूर्वी मिनिटाला ६८-७० असणारी नाडी आता विश्रांतीतही ९० ते १०० च्या घरात असते. हल्ली मनगटी घड्याळे हा आकडा अहोरात्र दाखवीत असल्यामुळे रुग्ण तो लिहूनच आणतो आणि भीतीने आणखी धास्तावतो.

अशा वेळी दोन टोकाच्या गोष्टी घडताना आम्ही पाहतो. एक म्हणजे हा हृद्रोग समजून हृद्य औषधांचा मारा होतो. दुसरी म्हणजे 'वात वाढला आहे' एवढ्या निदानावर थांबून झोपेची, शामक औषधे दिली जातात व रुग्णास आणखी महिनाभर पडून राहण्यास सांगितले जाते. दोन्ही मार्गांत नाडी का वाढली हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची उकल, तपासणीचा क्रम आणि आपल्या औषधांच्या संदर्भात पाळावयाची दक्षता यांचा विचार करण्याचे योजिले आहे. लेखाचा उत्तरार्ध औषधविक्रेत्या बंधूंनी आवर्जून वाचावा, कारण या रुग्णाची पहिली गाठ पुष्कळदा त्यांच्याशीच पडते.

शास्त्रातील आधार

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात, त्रिमर्मीय सिद्धीत, शिर, हृदय आणि बस्ती ही तीन मर्मे सर्वांत श्रेष्ठ मानून त्यांचा एकत्र विचार केला आहे. ही मर्मे प्राणांचे आश्रयस्थान आहेत आणि त्यांचे वातापासून विशेषेकरून रक्षण केले पाहिजे, असा त्या विवेचनाचा रोख आहे. वाग्भटाचार्यांनी प्राणवायूचे स्थान मूर्धा सांगितले, त्याचा संचार उर व कंठ येथे सांगितला, आणि बुद्धी, इंद्रिये व चित्त यांच्याबरोबरच हृदयाचे धारण करणे हेही त्याचेच कार्य म्हटले. व्यानवायूचे स्थान मात्र हृदय आहे. म्हणजे हृदयात राहून रसरक्ताचे विक्षेपण करणारा एक आणि मस्तकात राहून हृदयाला धरून ठेवणारा दुसरा, अशी ही रचना आहे. मस्तकावर आघात झाला असता हृदयाची गती बिघडावी, ही कल्पना आयुर्वेदाच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मे वर्णिली. त्यांपैकी ३७ जत्रूच्या वरची आहेत. अधिपती, शंख आणि शृंगाटक ही सद्यःप्राणहर गणली आहेत. कवटीच्या सांध्यांवरील पाच सीमंत मर्मे मात्र कालांतरप्राणहर मानली आहेत. त्यांचा परिणाम पंधरवडा ते महिन्याच्या अवधीत दिसतो असे म्हटले आहे. मस्तकाचा मार त्या क्षणी सौम्य वाटला तरी त्याचा निकाल उशिरा लागू शकतो, हा यातील व्यवहारी बोध आजही तेवढाच मोलाचा आहे. प्राचीन संकल्पना आणि आधुनिक शरीरक्रिया यांची तंतोतंत जोडी लावण्याचा आमचा आग्रह नाही. दिशा मात्र एकच आहे, एवढे नमूद करावेसे वाटते.

मेंदूला हादरा बसतो म्हणजे काय होते

इंग्रजीत ज्यास कन्कशन म्हणतात, त्या हादऱ्यात मेंदूची रचना डोळ्यांना दिसेल अशी तुटत नाही. बिघडते ती क्रिया. म्हणूनच सी.टी. स्कॅन निर्दोष येऊ शकतो. त्या तपासणीचे काम रक्तस्राव व अस्थिभंग शोधण्याचे आहे. पेशींच्या क्रियेतील बिघाड तिला दिसत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टोफर गिझा व डेव्हिड होव्हडा यांनी २००१ साली या बिघाडाचे जे विवरण मांडले, ते आजही आधारभूत मानले जाते. आघाताने चेतापेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते व कॅल्शियम आत शिरते. हा समतोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना फार मोठ्या प्रमाणावर ऊर्जा खर्चावी लागते. त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा मात्र वाढत नाही, उलट काहीसा घटतो. मागणी वाढली आणि पुरवठा आखडला, अशी ही ऊर्जेची टंचाई दिवसच नव्हे तर कधी काही आठवडे टिकते.

आता हृदयाकडे वळू. हृदयातील स्वयंचलित केंद्र कोणाच्याही नियंत्रणाविना सोडले, तर तरुण माणसात मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीत नाडी ६०-७० वर राहते, कारण मस्तिष्कातून निघणारा व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला अखंड लगाम घालीत असतो. याला परानुकंपी संस्था म्हणतात. धावपळीत, भयात वा वेदनेत अनुकंपी संस्था टाच मारते व गती वाढते. लगाम आणि टाच यांचा मेळ मस्तिष्कस्तंभ, अधश्चेतक व त्यांवरील काही केंद्रे मिळून राखतात. मेंदूला हादरा बसल्यावर हा मेळ काही काळ बिघडू शकतो. लगाम सैल पडला, की टाच न मारताही घोडा वेगाने चालतो. विश्रांतीतील नाडी वाढण्यामागील प्रमुख तर्क हा आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. २००४ साली कॅनडातील बर्फावरील हॉकीच्या तरुण खेळाडूंवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हादरा बसलेल्या खेळाडूंची हृदयगती व्यायामाच्या वेळी इतरांपेक्षा अधिक वाढलेली आढळली. विश्रांतीत मात्र हृदयगतीच्या चढउतारांत तसा फरक स्पष्ट दिसला नाही. विश्रांतीतील नाडीविषयीचे पुढील अभ्यासही एकमुखी नाहीत. याचा अर्थ असा की, हादऱ्यामुळे विश्रांतीत नाडी किंचित वाढणे समजण्याजोगे आहे. परंतु ती पुष्कळ वाढली असेल, तर 'डोक्याला मार लागला होता ना, मग असेच' म्हणून सोडून देता येणार नाही. दुसरे कारण शोधणे भागच आहे.

नाडी मोजावयाची कशी

नाडीपरीक्षेच्या परंपरेत नुकतेच स्नान वा भोजन केलेल्या, भुकेल्या, तहानलेल्या, उन्हातून आलेल्या किंवा श्रमाने थकलेल्या व्यक्तीची नाडी यथार्थ कळत नाही असे बजाविले आहे. आधुनिक मोजणीचे नियमही हेच आहेत. रुग्ण दवाखान्यात शिरताच घेतलेला आकडा निरुपयोगी समजावा. आमच्या मते पुढील क्रम प्रत्येकाने पाळावा.

प्रथम रुग्णास शांत खोलीत दहा मिनिटे उताणे निजवावे. चहा, कॉफी, तंबाखू यांपासून तो निदान दोन तास दूर असावा. मग नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण अनियमितता त्यात निसटते. सोबत रक्तदाब घ्यावा. नंतर रुग्णास उभे करून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाला पुन्हा नाडी व रक्तदाब नोंदवावा. उभा असताना भोवळ येऊ लागल्यास त्यास तत्काळ निजवावे. जवळ कोणीतरी उभे असावेच.

या साध्या नोंदीतून पुष्कळ उलगडते. उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर शरीरातील जलांश कमी असणे, रक्ताल्पता किंवा औषधाचा परिणाम यांकडे लक्ष वळवावे. रक्तदाब न उतरता दहा मिनिटांत नाडी प्रौढात ३० किंवा त्याहून अधिक, आणि १२ ते १९ या वयात ४० किंवा त्याहून अधिक वाढली व टिकली, तर 'पॉट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थितिजन्य वेगवान नाडीचा विचार करावा. हे निदान पक्के करण्यासाठी लक्षणे तीन महिने टिकलेली असावी लागतात. मस्तकाच्या मारानंतर काही रुग्णांत, विशेषतः किशोरवयीन मुलींत, ही अवस्था आढळते.

दुसरी महत्त्वाची बाब रुग्णाच्या स्वतःच्या मूळ आकड्याची. मिनिटाला ६० ते १०० ही मर्यादा सर्वसाधारण आहे. रोज धावणाऱ्या तरुणाची नाडी ५५ असेल, तर त्याच्या बाबतीत ८५ हा आकडाही वाढलेलाच होय. उलट ज्याची नाडी नेहमीच ८८ असते, त्याला आता घड्याळ पाहून घाबरविण्यात अर्थ नाही. जुने केसपेपर, पूर्वीच्या तपासण्या किंवा घड्याळातील अपघातापूर्वीच्या नोंदी यांचा येथे खरा उपयोग होतो. झोपेतून उठल्यावर, अंथरुण सोडण्यापूर्वी घेतलेली नाडी आठवडाभर लिहून आणण्यास सांगावे. एकट्या आकड्यापेक्षा सात दिवसांचा कल अधिक बोलतो.

प्रथम धोका वगळावा

डोकेदुखी वाढत जाणे, पुनःपुन्हा वांती, झटका येणे, गुंगी वा जागे करणे कठीण होणे, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हात-पाय दुबळा पडणे, दोन बाहुल्यांच्या आकारात फरक, नाक वा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर नाडीचा विचार बाजूला ठेवून रुग्णास न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. वृद्ध, मद्यसेवन करणारे व रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे यांच्यात मेंदूच्या आवरणाखाली संथपणे रक्त साचून आठवड्यांनंतर लक्षणे दिसू शकतात. पहिला स्कॅन निर्दोष होता, हे अशा वेळी समाधानाचे कारण ठरत नाही.

कवटीच्या आतील दाब वाढला असता नाडी वेगवान न होता संथ होते, रक्तदाब चढतो व श्वास अनियमित होतो, हे हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. त्यामुळे डोकेदुखी वाढत असताना ९० ची नाडी अचानक ५० वर आली, तर 'औषध लागू पडले' असे समजणे प्राणघातक ठरू शकते. याउलट अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत नाडी वेगवान व रक्तदाब कमी असेल, तर डोक्यापेक्षा पोट, छाती वा मांडीतील रक्तस्राव शोधावा.

हृदय व फुप्फुस यांच्या बाबतीत विश्रांतीतही १२० च्या वर टिकणारी नाडी, नाडीचा विषमपणा, छातीत दुखणे, धाप, मूर्च्छा, ज्वर किंवा एका पोटरीची वेदनायुक्त सूज ही गंभीर चिन्हे होत. दीर्घकाळ अंथरुणात पडलेल्या रुग्णाच्या पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. वेगवान नाडी व धाप हे तिचे पहिले लक्षण असू शकते.

धोक्याची चिन्हे नसतील तेव्हा पुढील तपासण्या करवून घ्याव्यात : ई.सी.जी., हिमोग्लोबिनसह रक्तगणना, थायरॉइडसाठी टी.एस.एच., रक्तशर्करा, सोडियम व पोटॅशियम. आणि प्रजननक्षम वयातील स्त्रीमध्ये गर्भधारणेची शक्यता तपासावी. मारानंतर काही रुग्णांत पोष ग्रंथीचे कार्य मंदावते. दौर्बल्य, रक्तदाब कमी राहणे व सोडियम घटणे हे एकत्र आढळल्यास त्या दृष्टीने तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

औषधांची पिशवी उघडून पाहावी

रुग्णास 'सर्व औषधे घेऊन या' असे सांगावे. त्या पिशवीत नाडीचे कारण दडलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. आधुनिक औषधांपैकी डोकेदुखी व निद्रानाशासाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन व्हेगसचा प्रभाव रोखून नाडी वाढविते. दम्याचे साल्बुटामोल, सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन, कॅफिनयुक्त डोकेदुखीच्या गोळ्या आणि थायरॉक्सिनची अधिक मात्रा यांचाही परिणाम तोच. प्रोप्रॅनोलॉल रुग्णाने आपणहून एकाएकी बंद केले असेल, तर नाडी उसळून वर जाते.

आपल्या औषधांचा विचार आपणच अधिक कसोशीने केला पाहिजे. सूतशेखर रस व लघुसूतशेखर ही दोन नावे दुकानाच्या काउंटरवर सर्रास एकमेकांऐवजी उच्चारली जातात. दोन्ही अम्लपित्त, डोकेदुखी व चक्कर यांसाठी वापरली जातात. घटक मात्र अगदी भिन्न आहेत. लघुसूतशेखरात सुवर्णगैरिक व शुंठी यांना नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना असते. सूतशेखर रसात पारद, गंधक व ताम्रभस्म यांबरोबर शुद्ध वत्सनाभ व शुद्ध धत्तूरबीज असते. धत्तुरातील द्रव्ये व्हेगसचा लगाम सैल करतात, तोंड कोरडे पाडतात आणि बाहुल्या विस्फारतात. शोधन केलेल्या द्रव्याची विहित मात्रा योग्य रुग्णात वैद्याच्या देखरेखीखाली देणे वेगळे. आणि मस्तकाला मार लागलेल्या, आधीच नाडी वाढलेल्या रुग्णाने 'डोके दुखते' म्हणून दुकानातून डबी नेऊन दिवसातून चार-सहा वेळा घेणे वेगळे. शिवाय ज्या रुग्णाच्या बाहुल्यांवर आपली नजर असावयास हवी, त्याच्या बाहुल्या औषधाने बदलणे कोणत्याही दृष्टीने इष्ट नाही.

कनकासवात धत्तूर हे प्रधान द्रव्य आहे. दम्याचा रुग्ण ते पूर्वीपासून घेत असेल तर ते विचारून घ्यावे. सोमलता असलेल्या श्वासहर योगांत एफेड्रिन असते; ते अनुकंपी संस्थेला उत्तेजित करते. कुचला असलेले योग, उदाहरणार्थ विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी, 'मज्जातंतूंना बळ' म्हणून मारानंतर सहजी दिले जातात. कुचल्यातील स्ट्रिक्निन चेतासंस्थेची उत्तेजनक्षमता वाढविते. ज्या मेंदूत झटक्याचा संभव आहे तेथे हे योग टाळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अश्वगंधा हे बल्य द्रव्य निःसंशय गुणकारी. तथापि तिच्या सेवनाने थायरॉइडचे संप्रेरक वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. म्हणून नाडी वेगवान असताना टी.एस.एच. पाहिल्यावाचून ती सुरू करू नये, व आधीच सुरू असल्यास तपासणी होईपर्यंत थांबवावी.

दुसऱ्या बाजूला सर्पगंधा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे अनुभव मांडले आणि जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वळले. तिच्यातील रिसर्पिन नाडी व रक्तदाब दोन्ही उतरविते, हे खरे. परंतु ते गुंगी आणते, मन उदास करते, उभे राहिल्यावर रक्तदाब आणखी पाडते, आणि त्याचा प्रभाव औषध थांबविल्यावरही काही दिवस राहतो. शिरोभिघाताच्या रुग्णात गुंगी हेच धोक्याचे चिन्ह असते. ते औषधाने निर्माण केले, तर खरा धोका ओळखावयाचा कसा? केवळ आकडा खाली आणण्यासाठी सर्पगंधा योजू नये. तीच गोष्ट अर्जुनाची. अर्जुन हृद्य आहे. पण बिघाड हृदयात नसून त्याच्या लगामात असताना अर्जुनारिष्ट देऊन 'हृदयाचे औषध चालू आहे' ही समजूत रुग्णाच्या मनात रुजविणे हितकर नाही.

औषधविक्रेत्यांसाठी सूचना थोडक्यात अशा. डोकेदुखी, चक्कर वा धडधडीसाठी औषध मागणाऱ्यास 'गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता काय?' हा एक प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास चिठ्ठीवाचून रसकल्प देऊ नये व त्यास वैद्याकडे पाठवावे. वत्सनाभ, धत्तूर, कुचला ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) अनुसूचीत आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती ग्राहकाला वाचून दाखविण्यास फार वेळ लागत नाही.

विश्रांती किती, हालचाल किती

कारणांचा शोध घेऊन झाल्यावर, तपासण्या निर्दोष आल्यावर आणि औषधांची पिशवी पारखल्यावरही नाडी वाढलेली राहते, तेव्हाच तिला हादऱ्याशी संबंधित स्वायत्त मज्जासंस्थेचा बिघाड म्हणावे. हे निदान इतर कारणे वगळून करावयाचे आहे. येथे उपचाराची मोठी अडचण अशी की, अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा जुना सल्लाच नाडी वाढवितो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून प्रयोग करण्यात आला. त्यांची श्रमक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. निरोगी शरीराची ही गत, तर आजाऱ्याची काय होईल? पडून राहिल्याने रक्तातील द्रवांश घटतो, हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकते, आणि तूट भरून काढण्यास ठोके वाढवावे लागतात. वाढलेली नाडी पाहून रुग्ण आणखी पडून राहतो. हे चक्र तोडले पाहिजे.

२०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे मतैक्य २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी. त्यानंतर लक्षणे फार वाढणार नाहीत अशा बेताने हलकी हालचाल सुरू करावी. शून्य ते दहाच्या मापावर लक्षणे दोन अंशांपर्यंत वाढली व तासाभरात ओसरली, तर ते चालण्याजोगे मानले आहे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे जॉन लेडी व सहकारी यांनी २०१९ साली हादरा बसलेल्या १०३ किशोर खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी लक्षणांच्या मर्यादेखाली राहून नित्य व्यायाम केला, ते मध्यमानाने १३ दिवसांत बरे झाले; ज्यांनी केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले, त्यांना १७ दिवस लागले.

या पद्धतीचे गणित सोपे आहे. हळूहळू श्रम वाढवीत नेऊन ज्या नाडीला डोकेदुखी वा चक्कर वाढते, तो आकडा नोंदवावा. समजा तो १४० आहे. त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे ११२ ते १२६ या पट्ट्यात राहून रोज सुमारे २० मिनिटे चालावे व दर आठवड्यास मर्यादा पुन्हा तपासावी. यंत्र नसेल तेथे सपाट रस्त्यावर चालणे पुरेसे आहे. सोबत कोणी असावे, आणि उन्हाची वेळ टाळावी. वाग्भटाचार्यांनी व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगितले आहे. बलवान माणसासाठी सांगितलेली ही मर्यादा दुर्बलाच्या बाबतीत किती अधिक काटेकोरपणे पाळावी, हे वैद्यास सांगणे नको. ज्यांना हृदयविकाराचा पूर्वेतिहास आहे किंवा ज्यांची विश्रांतीतील नाडी अद्याप फार वेगवान आहे, त्यांना ही योजना तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

पथ्य व कर्मे

आहार स्निग्ध, लघु व नियमित असावा. लंघन नको. रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर पुरेसे पाणी, ताक, पेज व चवीपुरते मीठ द्यावे. उभे राहिल्यावर नाडी पळणाऱ्या रुग्णास याचा प्रत्यक्ष लाभ होतो. चहा कमी करावा; मद्य पूर्ण वर्ज्य. झोपेची वेळ निश्चित ठेवावी, कारण रात्रीचे जागरण दुसऱ्या दिवशी नाडी वाढविते. पादाभ्यंग, कोमट तेलाचा हलका अभ्यंग आणि सावकाश, दीर्घ उच्छ्वासाचा अभ्यास यांनी व्हेगसचा लगाम घट्ट होण्यास मदत होते. कपालभाती, भस्त्रिका व शीर्षासन मात्र या काळात करू नयेत.

वमन व विरेचन यांनी शरीरातील द्रवांश घटतो, म्हणून ती टाळावीत. नस्याविषयी तर विशेष सावधानता हवी. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगात नाकावाटे मस्तिष्कद्रव झिरपत असेल, तर नाकात काहीही घालणे म्हणजे जंतूंना मेंदूपर्यंत वाट करून देणे होय. स्राव नाही व अस्थिभंग नाही याची खात्री झाल्यावाचून नस्य देऊ नये. हीच दक्षता कर्णपूरणाविषयी घ्यावी. मानेला झटका देणाऱ्या मर्दनक्रिया सर्वथा वर्ज्य समजाव्यात, कारण ज्या आघाताने मस्तक हादरले त्याने मानही दुखावलेली असू शकते.

उपसंहार

रुग्णास काय सांगावे हाही चिकित्सेचाच भाग आहे. 'तुमचे हृदय बिघडले' असे म्हटल्यास त्याची नाडी तेवढ्यानेच दहाने वाढेल. 'काही नाही, मनाचे खेळ' असे म्हटल्यास तो दुसऱ्या दारी जाईल व तेथे कदाचित सर्व काही दडपणारे औषध मिळवील. त्याऐवजी सांगावे की, मस्तकातील जे नियंत्रण हृदयाला आवर घालते ते हादऱ्यानंतर काही काळ ढिले पडू शकते. इतर कारणे आम्ही तपासून पाहिली आहेत. घड्याळ सकाळी एकदाच पाहावे. आणि रोजच्या बेताच्या चालण्याने हा आवर बहुधा पुन्हा बसेल. चार आठवड्यांनंतरही लक्षणे टिकली, तर मज्जासंस्था व हृदय यांच्या तज्ज्ञांकडे पाठविण्यास वैद्याने संकोच करू नये.

प्रत्येक दवाखान्यात अशा रुग्णाच्या केसपेपरवर पाच नोंदी असाव्यात, अशी आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे : मार लागल्याची तारीख, अपघातापूर्वीची नाडी, निजलेली नाडी, उभे राहिल्यानंतर दहाव्या मिनिटाची नाडी आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. या पाच ओळी लिहिण्यास पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि पुढच्या भेटीत नाडी का बदलली याचे उत्तर शोधण्यास त्यांच्याइतका दुसरा आधार नाही.